वाचकांचे प्रश्न : लस टोचल्याने एचआयव्ही होतो का?

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. १८ मे रोजीच्या एचआयव्ही लस जागृती दिनाच्या निमित्ताने महिला मंडळात माहिती देत असताना एका काकूंनी विचारले, "चाचणीत टोचलेल्या लशीनेच रोग झाला तर?" मी "होत नाही" एवढेच म्हणाले, त्यांचे समाधान झाले नाही.
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपले उत्तर बरोबर होते, पण काकूंची शंका एका शब्दात मिटणारी नाही. लशीची चाचणी स्वतःवर करू देणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांना जी लस दिली जाते, तिच्यात अखंड विषाणू नसतो. त्याच्या काही जनुकांची किंवा प्रथिनांची प्रयोगशाळेत केलेली नक्कल असते. त्यातून एचआयव्ही उभा राहू शकत नाही. पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ साली भारतातील अशी पहिली चाचणी सुरू झाली, तीही याच प्रकारची. ती लस सुरक्षित ठरली, मात्र तिने प्रतिकारशक्ती पुरेशी जागवली नाही.

तरीही लोकांच्या भीतीला एक खरे टोक आहे आणि जागृतीच्या कार्यक्रमांत नेमके तेच झाकले जाते, असे मला वाटते. लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने) तयार होऊ शकतात आणि नेहमीची तपासणी प्रामुख्याने प्रतिपिंडेच शोधत असल्यामुळे, लागण नसतानाही स्वयंसेवकाचा अहवाल 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो. लग्न ठरताना किंवा नोकरीच्या वेळी असा कागद पुढे आला, तर काय होईल हे आपल्याला सांगायला नको. म्हणून स्वयंसेवकाने आपली तपासणी जिथे लशीची चाचणी चालू आहे त्या केंद्रातच करून घ्यावी. तिथे विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधून खरे-खोटे ठरवता येते. सहभागाची संमती घेण्यापूर्वी ही गोष्ट त्याला समजावून सांगणे बंधनकारक असते.

उलटी चूकही घडते. लस टोचून घेतली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे कोणी मानू नये, कारण चाचणीत काहींना नुसते औषधविरहित द्रावण दिले जाते आणि एचआयव्हीवर मान्यताप्राप्त लस अद्याप नाही. थायलंडमध्ये १६ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत २००९ साली सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसले. दक्षिण आफ्रिकेतील त्यापुढची चाचणी परिणाम न दिसल्याने २०२० साली थांबवावी लागली. तेव्हा निरोध वापरणे आणि वेळेवर तपासणी करणे स्वयंसेवकालाही चुकलेले नाही.