उत्तर: आई-बाबांसोबत ग्रीस, चार दिवस

चार दिवसांत अथेन्सची अक्रोपोलिस टेकडी, डेल्फी, मायसीनी आणि ऑलिंपिया ही प्राचीन स्थळं, तेही जूनच्या उन्हात आई-बाबांना घेऊन? ऑलिंपिया काढा. अथेन्सहून जवळजवळ ३०० किलोमीटर आहे, अख्खा दिवस गाडीतच जाईल. बाकीचं जमतं.

‘पडके खांब बघायला एवढा खर्च कशाला?’ हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. पहिल्या खेपेला मलाही तेच वाटलं होतं. भर दुपारी अक्रोपोलिस चढलो, घामाघूम होऊन उतरलो आणि म्युझियम ‘वेळ उरला तर’ म्हणून ठेवलं. वेळ कुठला उरतोय! ग्रीसमध्ये इमारती जागेवर आहेत, पण शिल्पं आणि सोनं बरंचसं म्युझियममध्ये. एक पाहून दुसरं सोडलं, तर सभामंडपातूनच परत फिरल्यासारखं.

म्हणून सकाळी ८ ची वेळ घ्या. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ऑनलाइन आधीच काढा. उष्णतेची लाट आली की दुपारी अक्रोपोलिस बंदही ठेवतात. वरचा संगमरवर पावलांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की कोरड्या दिवशीही पाय सटकतो. रबरी तळव्याचे बूटच घाला. आईंच्या गुडघ्यांचं म्हणालात, तर चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. सरसकट सगळ्यांना सोडत नाहीत, आधी विचारून ठेवा.

अक्रोपोलिसवरचं मुख्य देऊळ, पार्थेनॉन, इ.स.पू. ४४७ ते ४३२ मधलं. ते आपोआप नाही ढासळलं. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता आणि १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने डागलेला गोळा नेमका त्यावर पडला. बाबांना हे चढतानाच सांगा. ऊन तापलं की उतरून थेट पायथ्याच्या म्युझियममध्ये शिरा. त्याचा वरचा मजला पार्थेनॉनच्याच दिशेने वळवून बांधलाय: काचेपलीकडे देऊळ, अलीकडे त्याची शिल्पपट्टी. मधले पांढरेफटक तुकडे प्लास्टरचे, कारण त्यांतले बरेचसे मूळ तुकडे लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने लंडनला नेले. शेजारच्या देवळाचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा स्त्री-पुतळ्यांपैकी पाच इथे आहेत, एक लंडनला. डोंगरावर दिसतात त्या प्रतिकृती.

मायसीनीचंही तसंच. श्लीमान या जर्मन उत्खननकाराला तिथे १८७६ मध्ये सापडलेलं सोनं, तो प्रसिद्ध मुखवटासुद्धा, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे. ते आदल्या दिवशी पाहा, मग मायसीनीच्या सिंहद्वारातून आत जा. परतताना एपिडॉरसचं प्राचीन खुलं थिएटर. बाबांना वरच्या रांगेत बसवा आणि खाली मधोमध उभं राहून हळू बोला, आवाज कुठवर पोचतो ते पाहा.

डेल्फीला बसने एका बाजूचे तीन तास. तिथला सारथ्याचा कांस्य पुतळा चुकवू नका, त्याच्या तांब्याच्या पापण्या अजून शाबूत आहेत.

शेवटच्या संध्याकाळी अथेन्सजवळच्या सूनियन भूशिरावर सूर्यास्त, समुद्रदेव पोसायडनच्या देवळापाशी. तुम्ही कोल्हापूरचे ना? ब्रह्मपुरीला सापडलेली याच पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तुमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. निघण्याआधी बाबांना ती दाखवून आणा.