रंगवाल्याला आत्ताच बोलवू नकोस

अगं, तुझे फोटो बघितले. बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे, खाली पांढरी पावडर, आणि तू म्हणतेस दिवाळीच्या आत पुट्टी मारून रंग काढून घेते. नको. ती पावडर म्हणजे लोणा, भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं त्याचा, त्याच्यावर कितीही भारी रंग लाव, फुगून येणारच.

मी स्वतः हे दोनदा केलंय. पहिल्यांदा १४ हजार घातले, पुढच्या गणपतीला डाग परत तिथेच, मग कोणीतरी म्हणालं बाहेरच्या भिंतीला तडे आहेत म्हणून तेही भरून घेतलं, आणि शेवटी निघालं काय तर वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाखालच्या भांड्याचा, जॉइंट सुटलेला. भिंत बिचारी उगाच बदनाम.

म्हणून आधी नुसतं बघ. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मार, बाजूला तारीख लिही, आठवडाभर रोज सकाळ-रात्र नजर ठेव. पाऊस झाला की वाढतो, उघडीप मिळाली की सुकतो, तर पाणी बाहेरून किंवा गच्चीतून येतंय. वरच्यांच्या सकाळच्या आंघोळी झाल्यावर ओल वाढते तर ट्रॅप नाहीतर फरशीचे सांधे. आणि पाऊस नाही, वापर नाही, तरी ओल तशीच, तर कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेला, पाइप धर, वरच्यांचा मेन कॉक दोन दिवस रात्रभर बंद ठेवायला सांगून बघ फरक पडतो का. बाथरूमची खात्री करायची तर नहाणी ट्रॅपच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा घट्ट कोंबून दोन इंच पाणी २४ तास तुंबवायचं, त्यात नीळ टाकायची, तुझ्या छताला निळसर उतरलं की भांडण संपलं. (बोळा नंतर काढायला विसरू नका, आमच्याकडे विसरले होते.)

आता पैशाचं. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीच्या खर्चाने, संडास-बाथरूम-सिंकची त्या त्या सभासदाच्या. सेक्रेटरीला लेखी दे, पोच घे, जिन्यात गाठून सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. नवीन बिल्डिंग असती तर ताब्यापासून ५ वर्षं रेराखाली, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्याखाली, बिल्डरने ३० दिवसांत फुकट करून द्यायचं असतं, तुझी २२ वर्षांची, त्यामुळे ते सोड. पण स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं ते मात्र विचार, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी करायचं असतं.

प्लंबर "पाच मिनिटांत येतो ताई" म्हणेल आणि गुरुवारी उगवेल, त्यात मन नको लावूस, सगळ्यांकडे तेच. फक्त फरशी फोडली की बंद करायच्या आधी उघड्या पाइपचे फोटो काढ, शेजारी टेप धरून, कोपऱ्यापासून किती इंचांवर ते दिसलं पाहिजे. पुढे कधी गिझरसाठी ड्रिल मारशील तेव्हा माझी आठवण येईल.

आणि रंग जानेवारीनंतर, भिंत पूर्ण सुकू दे. दिवाळीत त्या कोपऱ्यात कपाट सरकव, पाहुणे कपाटामागे बघत नाहीत.

शनिवारी टॉर्च घेऊन येतो. नीळ तू आणून ठेव, आणि वरच्या काकूंशी आधी बोल, तक्रार म्हणून नको, चहाला म्हणून जा.