आई-बाबांना घेऊन बँकॉकला चार रात्री जातोय. महागड्या हॉटेलात राहावं, की ते पैसे वाचवावेत?

राहा, पण चारही रात्री नको. सुरुवातीचे दोन दिवस ग्रँड पॅलेस, वाट अरुण मंदिर, बाजारहाट यांतच जातील आणि खोलीत फक्त झोपायला याल. तेवढ्यासाठी स्कायट्रेनच्या स्टेशनाजवळचं स्वच्छ, साधं हॉटेल पुरे. शेवटच्या दोन रात्री चाओ फ्राया नदीकाठच्या महागड्या हॉटेलात काढा आणि बाहेरचे कार्यक्रम कमी ठेवा. एवढं भाडं भरून दिवसभर उन्हात कशाला भटकायचं?

खोली मात्र नदीकडचीच मागा. आम्ही इंदूरहून आईला घेऊन गेलो होतो. एक इवलीशी टगबोट चार अवजड बार्ज एकामागोमाग ओढत नेत होती, ते बघत ती खिडकीशी बसली ती चहा गार होईपर्यंत उठली नाही.

आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर शांग्री-ला हॉटेल बघा, सफान ताक्सिन स्टेशनाला अगदी लागून आहे. पेनिन्सुला पलीकडच्या काठावर. त्यांची स्वतःची होडी फुकट नेते-आणते, पण हलत्या होडीत पाय टाकावा लागतो. १८७६ पासूनचं मँडरिन ओरिएंटल सगळ्यांत नावाजलेलं, आणि भाडंही त्याच तोलाचं.

भाव बघताना आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं आहेत का ते पाहा. असतील तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट लागतो. म्हणजे १०,००० बाथची खोली ११,७७० ला पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भाव चढे असतात, पावसाळ्यात बरेच उतरतात.

शाकाहारी असाल तर नाश्ता भाड्यात धरूनच घ्या. फळं, ब्रेड, दही भरपूर असतं. भाज्यांत मात्र माशाचा सॉस असू शकतो, म्हणून प्रत्येक पदार्थ विचारून घ्या. तांदळाची पेज साधी मागितली की मिळते. आईने तिच्यावर पर्समधली लौंग सेव भुरभुरवली आणि वाढणाऱ्या मुलीलाही चाखायला लावली. (इंदूरकर सेव घेतल्याशिवाय विमानात चढत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.)

ड्यूरियन हे उग्र वासाचं फळ मात्र खोलीत नेऊ नका, त्या वासापायी बऱ्याच हॉटेलांत दंड बसतो.

चेक-इनला अनामत रक्कम अडवतात. तिथे क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले पैसे अडकतात आणि घरी परतल्यावरही सुटायला वेळ लागतो.