डिफरन्शियल बेअरिंगचा प्रीलोड : शिम किती जाडीची घालावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स उघडून डिफरन्शियलचे (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाचे) दोन्ही टेपर रोलर बेअरिंग नवे घातले, ०.६५ मिमीची शिम (पातळ चकती) कपाखाली, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याखाली, ठेवून केसिंग आवळले तेव्हा डायल गेजवर ०.३५ मिमी प्ले (मोकळी हालचाल) आला. तर आता १.०० मिमीची शिम घालावी, की बॉक्समधून निघालेली जुनीच परत वापरावी?

१.०० मिमीच्या शिमने प्ले शून्यावर येईल, एवढेच. प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब, त्याच्या पुढे सुरू होतो. आपल्या बॉक्सच्या मॅन्युअलमध्ये प्रीलोडसाठी समजा ०.२० मिमी दिले असेल, तर शिम १.२० मिमीची लागेल. ही जादा जाडी कशासाठी, हे समजून घेतले तर ती चुकवण्याचा मोह होत नाही. केसिंग अॅल्युमिनियमचे आहे आणि आतला डिफरन्शियल लोखंडी. दर अंशाला अॅल्युमिनियम साधारण दहा लाखांत २३ भाग प्रसरण पावते आणि पोलाद १२. दोन बेअरिंगमधले अंतर १५० मिमी धरले आणि बॉक्स ६० अंशांनी तापला, तर केसिंग डिफरन्शियलपेक्षा जवळजवळ ०.१० मिमी जास्त लांबते. म्हणजे थंड असताना नेमका शून्यावर बसवलेला बॉक्स रस्त्यावर सैल होतो, हेलिकल गिअरचा आडवा रेटा अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना संपूर्ण डिफरन्शियलला इकडून तिकडे ढकलतो, आणि आधी आवाज, मग ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून तेल, अशा क्रमाने तक्रारी सुरू होतात.

जुनी शिम वापरू नये, कारण तिची जाडी त्या केसिंगच्या आणि जुन्या बेअरिंगच्या मापांना जुळवून ठरवलेली असते. नव्या बेअरिंगच्या एकूण रुंदीत एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक कारखान्याच्या मर्यादेतच असू शकतो, आणि आपला संपूर्ण प्रीलोड तेवढाच आहे.

आता आपल्या ०.३५ या आकड्याविषयी. तो कसा घेतला हे आपण लिहिलेले नाही, आणि माझा संशय तिथेच आहे. टेपर बेअरिंगचे रोलर फिरवल्याशिवाय कडेला टेकत नाहीत. डिफरन्शियलचा अक्ष उभा ठेवावा, बेअरिंगला गिअर ऑइल लावावे, खाली दाबत दहा-बारा फेरे द्यावेत, गेज शून्यावर आणावा, मग वर उचलून धरत पुन्हा तितकेच फेरे देऊन वाचन घ्यावे. नुसते खाली-वर हलवून घेतलेले माप दर वेळी वेगळे येते. तीन वाचने ०.०२ मिमीच्या आत जुळेपर्यंत मी पुढे जात नाही. शिमची जाडीही छापील आकड्यावरून न धरता मायक्रोमीटरने मोजावी.

कप तळाला टेकला आहे ना, हे मात्र डोळ्यांनी पाहावे. एकदा माझ्याकडून कप ठोकताना अॅल्युमिनियमचा नखाएवढाही नसलेला तुकडा त्याच्या खाली अडकला. मापे सुरेख जुळली, बॉक्स बंद केला, आणि काही दिवसांनी तो तुकडा चेपला जाऊन प्रीलोड नाहीसा झाला. तेव्हापासून कप बसवण्याआधी खोबणीच्या कडेवरून बोट फिरवतो आणि ठोकताना आवाज ‘टक’ असा भरीव झाला तरच थांबतो.

हिशेबाने निघालेली शिम हा माझ्या मते प्रस्ताव असतो. निर्णय फिरवण्याच्या टॉर्कचा, म्हणजे डिफरन्शियल फिरवायला किती जोर लागतो त्याचा. ही तपासणी सील न लावता, बाकीचे शाफ्ट बाहेर ठेवून, सगळे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून करावी. इथे एक गफलत हमखास होते : एकाच बाजूच्या साइड गिअरमध्ये (ड्राइव्ह शाफ्ट ज्यात बसतो त्या आतल्या गिअरमध्ये) स्प्लाइन, म्हणजे खाचांचा दांडा, घालून फिरवले तर दुसरा साइड गिअर उलटा फिरतो, डिफरन्शियल जागचे हलत नाही आणि काटा फसवे हलके वाचन देतो. त्यामुळे आतल्या पिनियनच्या (लहान गिअरच्या) आडव्या पिनेला धरणारी, टोकाला खाच पाडलेली सळई वापरावी. लहान टॉर्क वाचणारा काट्याचा पाना नसेल, तर सळईवर १०० मिमी व्यासाची चकती बसवून दोरी गुंडाळावी आणि ताणकाट्याने सावकाश ओढावी. काटा ३ किलोवर स्थिरावला, तर टॉर्क सुमारे १.५ न्यूटन-मीटर होतो. सुरुवातीचा झटका सोडून द्यावा, फिरत असतानाचे वाचन धरावे. मॅन्युअलमध्ये नव्या आणि वापरलेल्या बेअरिंगसाठी दोन वेगळे आकडे असतात. वापरलेल्यांचा कमी असतो. तो नव्यांना लावला तर बेअरिंग सैल राहतात, आणि उलट केले तर तापून निळे पडतात.

वाचन मर्यादेबाहेर गेले तर शिम ०.०५ मिमीच्या टप्प्याने बदलावी, शक्यतो दोन पातळ शिमांऐवजी एकच जाड घ्यावी. आपल्या बॉक्सच्या दोन भागांमध्ये कागदी गॅस्केट असेल, तर ती प्रत्येक मोजमापाच्या वेळी जागेवर हवी, कारण तिची जाडी सरळ आपल्या ०.३५ मध्ये मिळते. ती न घालता हे माप घेतले असेल, तर सगळे पुन्हा मोजावे लागेल.