टॉवेल रेल थांबू शकते, कार्ड नाही

प्रश्न: बाथरूमचं काम सुरू आहे, भिंती अजून उघड्या आहेत. ड्युअल फ्युएल टॉवेल रेल (टॉवेल वाळवणारी तापती दांडी, हीटिंगच्या पाण्यावरही चालते आणि विजेवरही) घ्यावी की नुसती विजेवरची? विक्रेता म्हणतो, ड्युअल घ्या, तीन वर्षांत पैसे वसूल; वर दहा वर्षांची जादा वॉरंटीही देतोय. अडीअडचणीची शिल्लक फरशांत गेली, म्हणून रेल क्रेडिट कार्डावर घेईन. कार्डाची जुनी बाकी आहे, व्याज महिना 3 टक्के, पण किमान रक्कम (5 टक्के) मी न चुकता भरतो.

उत्तर: न चुकता भरता, हीच तर चूक आहे. भरलेल्या प्रत्येक 5 रुपयांतले साधारण 3 व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम 2. एकही नवी खरेदी केली नाही, तरी बाकी निम्म्यावर यायला पावणेतीन वर्षं. चक्रवाढीने वर्षाचा दर 42 टक्क्यांच्या वर जातो. शिवाय जुनी बाकी असताना बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. रेलवर पहिल्या दिवसापासून व्याज लागेल. आणि शिल्लक शून्य. उद्या घर तापवणारा बॉयलर बिघडला, तर तोही कार्डावरच ना?

निम्म्याहून कमी दराचं कर्ज मिळत असेल तर त्यातून कार्ड फेडा आणि कपाटात ठेवा. कर्ज फिटलं की तोच हप्ता शिल्लकीकडे वळवा, किमान तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत.

आता ती ‘वसुली’. ड्युअल रेल थंडीत सेंट्रल हीटिंगच्या, म्हणजे बॉयलरमधून घरभर फिरणाऱ्या गरम पाण्यावर चालते. बॉयलर बंद असेल तेव्हा आतलं विजेचं एलिमेंट तेच पाणी तापवतं. छान सोय आहे. पण आज तुमच्याकडे रेलच नाही, मग वाचणार काय? 300 वॉटचं एलिमेंट रोज दोन तास चालवलं तर महिन्याला 18 युनिट, चोवीस तास चालू राहिलं तर 216. बिल ठरवतो तो टायमर.

भिंती उघड्या आहेत तोवर रेलसाठी पाइप आणि वायर तेवढी टाकून ठेवा, वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. रेल मात्र कर्ज फिटल्यावरच घ्या. तेव्हा साधी हीटिंगवरची घेतलीत तरी टी-जोड (तीन तोंडांचा पाइपजोड) लावून एलिमेंट मागाहून बसवता येतं. (ते चालू असताना रेलचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करू नका, तापलेल्या पाण्याला पसरायला वाट लागते.)

जादा वॉरंटी नकोच. एलिमेंट तिच्यात धरलंय का, एवढंच विक्रेत्याला विचारून बघा.