इतिहासाच्या शंका: नेर्चिन्स्कचा तह लॅटिनमध्ये का लिहिला गेला?

प्रश्न: सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधल्या वारणेच्या तहाविषयी आम्ही कोल्हापूरकर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अलीकडे करवीर नगर वाचन मंदिरात जगाच्या इतिहासावरचे एक जुने पुस्तक चाळताना असा उल्लेख आढळला की, १६८९ मध्ये रशिया आणि चीन या दोन साम्राज्यांत सरहद्दीचा जो तह झाला, त्याची अधिकृत प्रत लॅटिन भाषेत होती. ही भाषा त्या दोघांपैकी कोणाचीच नव्हती. मग असे का घडले? आणि दोन्ही दरबारांत पत्रव्यवहार चालू असताना हा वाद इतकी वर्षे का रेंगाळला?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: आपण वाचलेली माहिती बरोबर आहे. हा तह सायबेरियातील नेर्चिन्स्क या ठाण्याजवळ, जुन्या रशियन कालगणनेप्रमाणे २७ ऑगस्ट १६८९ रोजी झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केली होती आणि सप्टेंबरात राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे निघाले. आपल्याकडे स्वराज्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा असताना तिकडे उत्तर आशियात दोन साम्राज्ये एकमेकांची हद्द पहिल्यांदाच कागदावर उतरवत होती.

वादाचे मूळ आमूर नदीच्या खोऱ्यात होते. सेबल या प्राण्याच्या मौल्यवान कातड्यांच्या शोधात रशियन कोसॅक, म्हणजे सीमेवरचे लढवय्ये, सायबेरिया ओलांडून पूर्वेकडे आले आणि १६५० च्या सुमारास खबारोव याच्या टोळीने आमूरकाठच्या लोकांकडून सक्तीने कातड्यांचा कर वसूल करायला सुरुवात केली. हेच लोक मांचू राज्यकर्त्यांनाही कर देत होते. मांचूंनी १६४४ मध्ये पेकिंग, म्हणजे आजचे बीजिंग, ताब्यात घेऊन चीनवर छिंग घराण्याची सत्ता बसवली होती आणि आमूरचे खोरे त्यांच्या मूळ भूमीला लागून होते. तेव्हा संघर्ष होणे अटळ होते. परंतु तो जवळजवळ चाळीस वर्षे चिघळत राहिला, याचे मोठे कारण माझ्या मते नदीत किंवा कातड्यांत नसून पत्रांत आहे. एका दरबाराचे पत्र दुसऱ्याला वाचता येत नव्हते, आणि वाचता आले तरी ज्या रीतीने ते लिहिले जाई ती रीत स्वीकारता येत नव्हती.

वाचता न येण्याचा प्रकार तर मन विषण्ण करणारा आहे. इव्हान पेत्लिन नावाचा कोसॅक १६१८ मध्ये पेकिंगला पोहोचला आणि तिथून मांचूंपूर्वी चीनवर राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या दरबाराचे पत्र घेऊन परतला. ते पत्र मॉस्कोला गेले, पण ते वाचणारा माणूस तिथे नव्हता, आणि १६७५ पर्यंत त्याचा अर्थ कोणाला कळला नाही. तोवर ज्या घराण्याने ते पाठवले ते घराणेही सत्तेवर राहिले नव्हते. पुढे आमूरचा वाद पेटल्यावर पेकिंगहून आलेल्या पत्रांचीही हीच गत होत राहिली. सीमेवरच्या ठाण्यात एखादा दुभाषी मंगोल भाषेच्या आधाराने मोघम मतलब सांगे आणि त्यावरच काम भागवले जाई.

रीतीचा प्रश्न त्याहून कठीण होता. फ्योदोर बाइकोव हा रशियाचा वकील, म्हणजे राजदूत, १६५६ मध्ये पेकिंगला आला. त्सारचे, म्हणजे रशियाच्या सम्राटाचे, पत्र आपण फक्त चीनच्या सम्राटाच्याच हाती देऊ, असा त्याचा आग्रह होता, तर पत्र आधी अधिकाऱ्यांकडे द्यावे आणि सम्राटापुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून वंदन करावे, असा दरबाराचा नियम होता. दोघेही मागे हटले नाहीत. त्याने आणलेले नजराणे परत करण्यात आले आणि त्याला रिकाम्या हाताने निघावे लागले. १६७० मध्ये तर नेर्चिन्स्कच्या रशियन अधिकाऱ्याने मिलोवानोव नावाच्या कोसॅकला पेकिंगला पाठवताना अशी सूचना दिली की, चीनच्या सम्राटाने त्सारचे मांडलिकत्व पत्करावे असे त्याला सांगावे! मिलोवानोवला सम्राटाची भेट मिळाली आणि तो सुखरूप परतला, यावरून त्या सूचनेचा खरा आशय दरबारापर्यंत पोहोचलाच नसावा, असे मानण्यास पुरेशी जागा आहे.

या साऱ्या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग १६७६ मधला आहे. निकोलाय स्पाफारी हा मूळचा मोल्दाव्हियाचा, ग्रीक आणि लॅटिन उत्तम जाणणारा विद्वान त्या वर्षी रशियाचा वकील म्हणून पेकिंगला आला. मॉस्कोत साठून राहिलेली, कोणालाही नीट न उलगडलेली जुनी पत्रे त्याने बरोबर घेतली होती. पेकिंगच्या दरबारात त्या काळी फर्डिनांड फर्बीस्ट हा जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचा पाद्री होता. खगोलशास्त्रातील ज्ञानामुळे सम्राट कांग्शीचा त्याच्यावर लोभ होता आणि दुभाषाचे कामही तोच करी. या दोघांना जोडणारी भाषा लॅटिन ठरली, आणि इतक्या वर्षांनंतर त्या पत्रांत काय लिहिले आहे, हे रशियाच्या वकिलाला समजले. पण त्याच मुक्कामात त्याला दुसरीही गोष्ट समजली. दरबाराच्या दृष्टीने बाहेरून येणारे प्रत्येक पत्र हा खालच्याने वरच्याकडे केलेला अर्ज होता, आणलेली प्रत्येक भेट ही खंडणी होती आणि मिळणारे प्रत्येक उत्तर ही आज्ञा होती. अशा भाषेतले उत्तर घेऊन मॉस्कोला जाणे स्पाफारीला शक्य नव्हते. शेवटी तोही सम्राटाचे पत्र न घेताच परतला. म्हणजे अक्षरांचा अडसर दूर झाल्यावरही मानाचा अडसर जसाच्या तसा राहिला. या प्रसंगाकडे अनेकजण केवळ दरबारी हट्ट म्हणून पाहतात, ते मला पटत नाही. आपल्याकडेही पत्राच्या मायन्यात कोणाचे नाव कोणत्या बिरुदाने घ्यावे, यावर राज्याराज्यांतले नाते ठरत असे. मायना मान्य करणे म्हणजे नाते मान्य करणे होते, आणि हे दोन्ही बाजूंचे मुत्सद्दी पुरते जाणून होते.

पुढची दहा वर्षे तलवारीची गेली. आमूरवरचे अल्बाझिन हे रशियन ठाणे मांचू सैन्याने १६८५ मध्ये घेऊन जाळले. रशियनांनी ते पुन्हा बांधले, तेव्हा १६८६ मध्ये दुसरा वेढा पडला आणि आतले शेकडो लोक लढाईत कमी आणि रोगराईत अधिक मेले. त्याच वर्षी रशियाचे दोन निरोपे पेकिंगला पोहोचले आणि फ्योदोर गोलोविन हा मोठा वकील तहासाठी निघाला असल्याचे त्यांनी कळवले. कांग्शीने वेढा उठवण्याचा हुकूम दिला. पश्चिमेकडे झुंगार मंगोलांचा राजा गाल्दान प्रबळ होत होता आणि रशियाने त्याला साथ देऊ नये, ही सम्राटाची मोठी चिंता होती.

नेर्चिन्स्कच्या वाटाघाटींत मांचू बाजूने सोंगोतू आणि तोंग ग्वोगांग हे प्रमुख होते. त्यांच्यासोबत तोमाश परेरा हा पोर्तुगीज आणि जेर्बियों हा फ्रेंच असे दोन जेझुइट दुभाषी होते, तर गोलोविनकडे बेलोबोत्स्की हा लॅटिन जाणणारा पोलिश दुभाषी होता. मांचू बोललेले जेझुइट लॅटिनमध्ये सांगत आणि बेलोबोत्स्की ते रशियनमध्ये आणी. उलट दिशेनेही तसेच. दोन्ही वकिलांचे तंबू एकमेकांना लागून उभारले होते, जेणेकरून कोणी कोणाच्या तंबूत गेला असे होऊ नये. गोलोविनने संपूर्ण आमूर ही हद्द मागितली, तर मांचूंनी थेट बैकाल सरोवरापर्यंतचा मुलूख. बोलणी मोडण्याच्या बेतात आली, मांचू फौज नदी ओलांडून ठाण्याभोवती पसरली आणि अखेरीस गोलोविनने अल्बाझिन सोडून देण्याचे कबूल केले. आर्गून नदी, गोर्बित्सा नदी आणि तिच्या उगमापासून समुद्राकडे जाणारी पर्वतरांग अशी हद्द ठरली. मात्र त्या पर्वतरांगेच्या आणि उदा नदीच्या मधला प्रदेश कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार वकिलांकडे नसल्याने तो पुढच्या पत्रव्यवहारावर सोपवण्यात आला.

तहाच्या प्रती मांचू, रशियन आणि लॅटिन या तिन्ही भाषांत झाल्या, पण दोन्ही पक्षांच्या सह्या आणि मोहरा झाल्या त्या लॅटिन प्रतीवर. दोघांच्याही दुभाष्यांना ती भाषा येत होती, एवढेच त्याचे कारण नाही. या भाषेत दोन्ही सम्राटांना सारख्याच उंचीवर बसवता येत होते. तिच्यात दरबाराचा आज्ञेचा साचा नव्हता आणि त्सारच्या पदव्यांवरून उठणारे जुने तंटेही नव्हते. जेझुइटांनाही यात स्वार्थ होता, हे सांगितले पाहिजे. युरोपातून चीनला येण्यासाठी सायबेरियातून खुष्कीचा मार्ग खुला व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. तरीही त्यांच्याशिवाय हा तह झाला नसता, असेच मी म्हणेन.

मानाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो १७२७ च्या क्याख्ताच्या तहात. रशियाचा वकील साव्वा व्लादिस्लाविच याच्याशी झालेल्या त्या करारात मंगोलियाची हद्द तर आखली गेलीच, शिवाय यापुढे पत्रे सम्राटांनी एकमेकांना न लिहिता, रशियाच्या सिनेटने आणि मंगोल मुलखाचा कारभार पाहणाऱ्या पेकिंगच्या लिफान युआन या कचेरीने एकमेकांस लिहावीत, असे कलम घालण्यात आले. कचेरी कचेरीला लिहू लागल्यावर कोणाचा राजा मोठा, हा प्रश्न प्रत्येक पत्रात उभा राहण्याचे थांबले. याच तहाने सहा रशियन विद्यार्थ्यांना भाषा शिकण्यासाठी पेकिंगमध्ये राहण्याची परवानगी दिली. हद्द आखण्याइतकेच हे कलम मोलाचे होते, असे मला मनापासून वाटते.

आपण वारणेचा उल्लेख केला आहे, म्हणून एवढे नोंदवतो. १३ एप्रिल १७३१ च्या तहात शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे चुलतबंधू होते, भाषा एक होती, मोडी लिपी एक होती आणि दुभाषाची गरजच नव्हती. तरीही तहाआधी युद्ध झाले आणि दोघांची जखिणवाडीची भेट घडावी लागली. एक भाषा असल्याने हद्दीचे तंटे टळतात, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. भाषा एक असली की तंटा कशाबद्दल आहे, एवढे तरी दोघांना कळते.

प्रश्न: वारणेच्या तहात एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, असे कलम आहे. रशिया आणि चीन यांच्या तहात असे काही होते का?
— एक इतिहास-शिक्षिका, कागल

उत्तर: होते, आणि त्याच्यामागे एका माणसाची मोठी कथा आहे. गांतिमूर हा सायबेरियातील एव्हेंकी लोकांचा सरदार मांचूंच्या पदरी होता. १६६७ मध्ये तो आपल्या भाऊबंदांसह रशियाच्या आश्रयाला गेला. त्याला परत करा, ही मागणी पेकिंगहून वर्षानुवर्षे होत राहिली. मिलोवानोवच्या हाती दिलेल्या पत्रात ती होती आणि स्पाफारीला परत पाठवतानाही ती अट म्हणून सांगितली गेली. हद्दीवरची माणसे कोणाला कर देतात, यावरच जमीन कोणाची हे ठरत असल्याने एका सरदाराच्या जाण्याने साऱ्या खोऱ्यातील निष्ठा डळमळण्याचा धोका होता. रशियाने मात्र त्याला परत दिले नाही. पुढे त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मॉस्कोच्या वाटेवर असताना त्याचा मृत्यू झाला.

नेर्चिन्स्कच्या तहाने यावर तोड काढली ती अशी की, तहापूर्वी जे इकडचे तिकडे गेले ते जिथे आहेत तिथेच राहतील, आणि तहानंतर जे पळून जातील त्यांना परत दिले जाईल. गांतिमूरचे वंशज त्यामुळे रशियातच राहिले. दुसरीकडे, अल्बाझिनच्या लढायांत पकडलेले किंवा आपणहून मांचूंकडे गेलेले काही कोसॅक पेकिंगमध्ये स्थायिक झाले होते. त्यांना सम्राटाच्या सैन्यात जागा आणि प्रार्थनेसाठी मंदिरही मिळाले. त्यांची पुढची पिढी चिनी झाली, परंतु त्यांचा धर्म बराच काळ टिकला. तहात ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्या माणसांना कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना शिकवताना जरूर सांगावी.

प्रश्न: ही हद्द आजही तीच आहे का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: नाही. उदा नदीचा न ठरलेला प्रदेश क्याख्तालाही तसाच राहिला. पुढे छिंग सत्ता अफूच्या युद्धांत आणि अंतर्गत बंडांत खचली असताना, १८५८ च्या आयगूनच्या तहाने आमूरचा उत्तर तीर आणि १८६० च्या पेकिंगच्या तहाने उसुरी नदीपलीकडचा समुद्रापर्यंतचा प्रदेश रशियाने मिळवला. व्लादिवोस्तोक हे बंदर त्याच मुलखात आहे. १९६९ मध्ये उसुरीतील एका बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैनिकांत रक्तपात झाला. अखेरचा करार २००४ मध्ये झाला आणि आमूर-उसुरी संगमाजवळच्या बेटांची वाटणी २००८ मध्ये प्रत्यक्षात आली. आर्गूनचा बराचसा भाग मात्र नेर्चिन्स्कला ठरला तसा आजही दोन देशांमधली हद्द आहे.