ठमीला कुणाच्या दारी सोडू?

प्रश्न : आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांची राजहंसाची मादी कुत्र्यांनी मारली. तिचं एक अंडं मी घरी आणून बल्बच्या उबेत ठेवलं, त्यातून ठमी जन्माला आली. हे गेल्यापासून घरात ती आणि मी, दोघीच. तिची आई मीच. आता गुडघ्यांमुळे मुलगा मला डोंबिवलीला नेतोय, दुसऱ्या मजल्यावर. ठमीला पलीकडच्या वाडीतले एक बागायतदार घ्यायला तयार आहेत, त्यांच्याकडे सहा राजहंस आहेत. समुद्रावरच्या एका रिसॉर्टला तळ्यात शोभेला एक पक्षी हवाय. पुतण्या म्हणतो, धरणावर सोडून दे. मी तिचा विश्वासघात करतेय असं वाटून झोप लागत नाही.

उत्तर : ताई, तुम्ही तिची आई आहात हे अगदी खरं. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना-बोलताना दिसेल त्यालाच हंसाचं पिल्लू आई मानतं. ऑस्ट्रियाच्या कोनराड लॉरेन्झ यांनी हे आयुष्यभर अभ्यासलं, 1973 साली त्यांना नोबेलही मिळालं. त्यांनीही मार्टिना नावाचं हंसाचं पिल्लू असंच हातावर वाढवलं होतं. ते रात्री त्यांच्याच खोलीत झोपायचं. ही मार्टिना पुढे एका नराबरोबर जोडीने राहू लागली. म्हणजे माणसाच्या हातची पोर आपल्या जातभाईंत रमू शकते.

ठमीला आई मिळाली, पण भावकी मिळाली नाही. तुम्ही भांडी घासता, देवळात जाता, दुपारी पडता, तेवढा वेळ ती एकटी असते. हंस कळपात चरतात, कळपात झोपतात, एक मान वर करून पहारा देतो तेव्हा बाकीचे निवांत खातात. चार वर्षं ठमी स्वतःचा पहारा स्वतःच देतेय. राजहंस वीस वर्षंही जगतो. तुमचे गुडघे धड असते तरी हा प्रश्न कधीतरी दारात आलाच असता.

म्हणून रिसॉर्ट नको. तिथे ती पुन्हा एकटीच, शिवाय दिवसभर पोरं वेफर्स चारणार. धरण तर नकोच नको. घरचा जड राजहंस धड उडत नाही, आणि ठमी माणूस दिसला की पळण्याऐवजी जवळ जाईल. भटकी कुत्रीही मागे असतातच. डोंबिवलीला न्यावं असंही मनात आलं असेल. नका नेऊ. गवत नाही, चिखल नाही, आणि टणक लादीवर वावरून त्यांच्या तळपायांना जखमा होतात.

बागायतदारांकडे मात्र आधी ठमीशिवाय जाऊन या, तेही तिन्हीसांजेला. पक्षी रात्री कुठे कोंडतात, खुराड्याला कडी आहे का, जाळी खालून उकरता येईल का, हे डोळ्यांनी बघा. पाणी घमेल्यात असलं तरी चालेल, पण डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल हवं, नाहीतर डोळे आणि नाकपुड्या साफ राहत नाहीत. आंब्याच्या बागेत मोहोरावर फवारण्या होतात, तणनाशकही मारतात. त्या दिवसांत पक्षी बांधावर सोडता की आवारात ठेवता, हे विचारा. आणि जो प्रश्न विचारायला तुम्हाला संकोच वाटतोय तो स्पष्ट विचारा : ‘म्हातारे झालेले पक्षी तुम्ही कापता का?’ उत्तर देताना माणूस घुटमळला, तर दुसरं घर शोधू. यात भिडेखातर गप्प बसू नका.

न्यायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा तपासून घ्या. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. तेव्हापासून नवा पक्षी थेट कळपात घालायला मी कुणालाच सांगत नाही. पहिले दोन आठवडे ठमी वेगळी, मधे थोडं अंतर ठेवून. एकमेकांना बघू देत, आवाज ऐकू देत. मग जाळीला जाळी लावून शेजारी. मगच मोकळ्या जागेत एकत्र. तेही तिचे किंवा त्यांचे अंडी घालायचे दिवस नसताना, कारण त्या काळात नर फार चावरे होतात. सुरुवातीला तिला हुसकावतील, पिसं उपटतील. रक्त निघत नसेल तर मधे पडू नका.

मार्टिनाची अजून एक गोष्ट सांगते. संध्याकाळी घरात शिरली की ती आधी खिडकीपर्यंत जायची, मग जिना चढायची. रोजचं ठरलेलं. एकदा उशीर झाला तशी ती थेट जिना चढायला लागली आणि पाचव्या पायरीवर घाबरून थबकली. खाली उतरली, खिडकीपर्यंत जाऊन आली, तेव्हा कुठे शांत झाली. हंसाला सवयीचा एवढा आधार असतो. म्हणून ठमीचं घमेलं तिच्याबरोबर द्या, कण्या-कोंड्याचं पोतं द्या, तुम्ही तिला कोंडताना जी हाक मारता तीच त्या घरच्या बाईंना शिकवा. पाय धरून उलटी लटकवून कुणाला नेऊ देऊ नका. पंख अंगाशी धरून, काखेत घेऊन, सकाळच्या गारव्यात न्यायची.

मुलाला सांगा, ‘महिनाभर थांब.’ गुडघ्यांनी चार वर्षं काढली, महिना काढतील. रिक्षा करून एक दिवसाआड जा, तिला मांडीवर न घेता जाळीपाशी नुसत्या बसा. दर खेपेला तिथून थोडं आधी उठून निघा. ती ओरडेल. तुम्हाला रडू आलं तर बांधावर बसून रडा, लपवू नका.

आणि गणपतीला गावी याल तेव्हा कण्या घेऊन जा. पण पोचल्या पोचल्या हाक मारू नका. कुंपणाबाहेर थोडा वेळ उभ्या राहा, ती कुणाच्या शेजारी चरतेय ते बघा. मग हाक मारा.